मेण लावलेली पिकअप आणि सोयरीक

वाहनाला मेण लावायचे असेल तर ते सावलीत लावावे लागते. या नियमात चूक काही नाही. तापलेल्या पत्र्यावर मेण पसरण्याआधीच सुकते आणि मग त्याचे पांढरट पट्टे कितीही घासले तरी निघत नाहीत. माझ्या पुतण्याला हा नियम मोबाइलवर कळला आणि त्याच सकाळी त्याने गोठ्यातली म्हैस सोडून उन्हात बांधली व तिच्या जागी आपली पिकअप उभी केली.

अंथुर्ण्यात आमची आणि थोरल्या बंधूंची घरे एकाच अंगणात आहेत. बंधू आता नाहीत. वहिनी आणि त्यांचा हा एकुलता मुलगा समोर राहतात. त्यामुळे त्या घरात जे काही घडते ते मला माझ्या ओसरीवरून, इच्छा असो वा नसो, दिसतेच.

"भावजी, बघा," वहिनी म्हणाल्या. "म्हशीला ऊन आन् गाडीला सावली. उद्यापास्नं धार गाडीचीच काढायची हाय."

"आई, पाव्हणं येऊन गेलं की बांधतो की तिला परत," पुतण्या म्हणाला.

पाहुणे कोऱ्हाळे बुद्रुकचे होते. पुतण्याने तिशी ओलांडली आहे. आमच्या भागात आजकाल मुलगा शेती करतो किंवा गाडी चालवतो असे म्हटले की मुलीकडची माणसे चहाचा कप खाली ठेवतात. त्यांना कंपनीच्या फाटकातून गळ्यात ओळखपत्र घालून बाहेर पडणारा जावई हवा असतो. पुतण्याला असे तीन-चार नकार येऊन गेले होते. प्रत्येक नकारानंतर तो अधिक गप्प आणि त्याची आई अधिक बोलकी होत गेली. या वेळी मुलगी बारामती एमआयडीसीत एका खाद्यपदार्थाच्या कारखान्यात तपासणीचे काम करणारी होती, तिला फोटो पसंत होता, आणि तिचे वडील घर बघायला यायला तयार झाले होते. इथवर मजल प्रथमच गेली होती. ही सोयरीक जुळावी असे आम्हां तिघांनाही मनापासून वाटत होते. मतभेद होता तो फक्त मार्गाचा. पुतण्याच्या मते ती गाडीच्या चकाकीने जुळणार होती.

पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. त्या हौद्यातून कांदा जातो, डाळिंबाचे क्रेट जातात, पेंडीची पोती, शेळ्या, मांडवाचे बांबू जातात. असे वाहन सुंदर दिसावे अशी अपेक्षा आजवर कोणी केलेली नव्हती, खुद्द वाहनानेही नाही. म्हणून मी त्याला विचारले, "हे नेमके काय चालले आहे?"

"डिटेलिंग, तात्या."

"त्याला मराठीत काय म्हणतात?"

"मराठीत कुणी करतच न्हाय."

या उत्तरात त्याच्या नकळत बरेच तथ्य होते.

ज्या गोष्टीला हसायचे ती आधी नीट समजून घ्यावी, अशी माझी सवय आहे. म्हणून ही क्रिया मी खुर्ची टाकून पूर्ण पाहिली. प्रथम गाडी साबणाच्या फेसाने धुतात. साबणाने जे निघत नाही ते काढण्यासाठी चिकणमातीसारखा एक मऊ गोळा पत्र्यावरून फिरवतात, म्हणजे रंगात रुतलेले कण त्याला चिकटून येतात. मातीतून चालणाऱ्या गाडीची माती काढण्यासाठी शहरातून माती विकत आणलेली मी त्या दिवशी पाहिली. त्यानंतर कंपाऊंड. लोकांची अशी समजूत असते की कंपाऊंडने ओरखडे भरून येतात. तसे काही होत नाही. ती अत्यंत बारीक, खरखरीत कणांची पेस्ट असते; ती ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग झिजवते आणि सगळा पत्रा ओरखड्याच्या पातळीला आणते. एका खड्ड्यासाठी सारे रान खाली उतरवावे, तसा हा प्रकार. आणि शेवटी मेण. मेण रंगात कोणतीही भर घालत नाही. ते रंग आणि धूळ यांच्या मध्ये काही आठवडे उभे राहते आणि मग निघून जाते.

हे सारे मी पुतण्याला समजावून सांगितले. तो डावीकडून उजवीकडे गोल गोल हात फिरवत राहिला. व्हिडिओतल्या माणसाने गोल फिरवू नका, सरळ फिरवा असे सांगितले होते. तेही मी त्याच्या मोबाइलवर ऐकले होते आणि त्याला सांगितले. तो म्हणाला, "तात्या, तुमी व्हिडिओ बगू नका."

आमच्या बोअरचे पाणी क्षाराचे आहे. भांडे वाळले की त्यावर पांढरे ठिपके उठतात. तेच ठिपके बॉनेटवर उठलेले पाहून पुतण्या मोटारसायकलवरून फाट्यावर गेला आणि पिण्याच्या शुद्ध पाण्याचे जार घेऊन आला. ते पाणी त्याने तांब्याने, देवाला स्नान घालावे तसे, गाडीवर ओतले.

"मी लग्न होऊन आल्यापास्नं बोअरचं पाणी पितीया," वहिनी म्हणाल्या. "मला कुणी जार आणला न्हाय."

"तुला चमकायचंय का आता?"

"मला न्हाय. पण ही गाडी तरी कुणाच्या घरात नांदायला निघालीया?"

दिवस गळीत हंगामाचे होते. साखर कारखान्याच्या धुराड्यातून निघणारी चिपाडाची काळी राख वाऱ्याबरोबर येते आणि दोरीवरच्या धुण्यावर, अंगणातल्या वाळवणावर, जे मिळेल त्यावर बसते. ओल्या मेणावर ती बसली तेव्हा पुतण्याचा चेहरा मी पाहिला. त्याने आईची दोन लुगडी गोठ्याच्या छपराला चारी बाजूंनी बांधली आणि पिकअप पडद्याआड नेली. वहिनींनी ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितली, आणि ज्या बाईला सांगितली ती लुगडी पाहायला येऊन गेली.

इथपर्यंत मी हसत होतो. पण पुढच्या गोष्टीचे मला हसू आले नाही. त्या दिवसांत डाळिंबाचा माल निघत होता आणि पुतण्याचा फोन सारखा वाजत होता. तो प्रत्येकाला नाही म्हणत होता. एकदा फोन माझ्या शेजारच्या ओट्यावर ठेवून, स्पीकर चालू करून त्याने उत्तर दिले. हात मेणाने भरलेले होते. पलीकडे एक बागाईतदार होता, ज्याचा माल हा पोरगा गेली कित्येक वर्षे इंदापूरच्या बाजारात नेतो.

"आज न्हाय जमायचं, अण्णा. गाडीला मेण लावलंय."

"काय लावलंय?"

"मेण. मेण."

 पलीकडून आवाज आला, "मग मधी वात लाव आन् पेटीव."

फोन बंद झाला. मी पुतण्याला म्हणालो की दारात उभे राहिलेले मालवाहू वाहन कितीही स्वच्छ असले तरी ते आपले काम करत नाही, आणि पाहुण्यांना ते काम दाखवायचे आहे. त्यावर त्याने मला सांगितले की 'प्रेझेंटेशन'चा जमाना आहे. हा शब्द त्याने कोठून उचलला ते मी विचारले नाही. ज्या पोराने आयुष्यात एक ओझे वेळेवर पोचवण्यापलीकडे कसलेही प्रदर्शन केले नाही, त्याला ते करावेसे वाटावे इतके त्या तीन-चार नकारांनी त्याला खचवले होते, हे मला दिसत होते. म्हणून मी एवढ्यावरच थांबलो.

पाहुणे आले ते तिघे होते. मुलीचे वडील, त्यांचे चुलत भाऊ आणि सोयरीक सुचवणारे मध्यस्थ. मुलगी आली नव्हती. घर बघण्याच्या पहिल्या खेपेला ती येत नाही. लुगडी उतरवलेली होती. पिकअप अंगणाच्या मधोमध, ऊन बॉनेटवर पडेल अशी, तिरपी उभी केलेली होती. टायर बूटपॉलिश केल्यासारखे काळे दिसत होते. केबिनमधून स्ट्रॉबेरीसारखा काहीतरी वास येत होता.

मुलीच्या वडिलांनी आमचा नमस्कार घेतला, पण त्यांची नजर गाडीवरून हलली नाही. ते तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "गुरुजी, गाडी इकायला काढलीया का?"

मी नाही म्हणालो.

"मग ठोकली व्हती?"

"न्हाय मामा," पुतण्या पुढे होऊन म्हणाला. अजून न झालेल्या नात्याने त्याने त्यांना हाक मारली, हेही मला खटकले. "डिटेलिंग केलंय."

"त्येच इचारतोय. कुठनं ठोकली व्हती?"

त्यांची ही शंका उर्मट वाटेल, पण तर्काला ती पूर्ण धरून होती. आमच्याकडे धंद्यातली गाडी दोन प्रसंगी चमकते. एक, ती विकायची असते तेव्हा. दुसरा, अपघातातला पत्रा ठोकून वर रंग दिलेला असतो तेव्हा. खंडेनवमीला ती धुतात, पण तेव्हा तिला झेंडूची माळ असते, मेण नसते. माळ नाही आणि चकाकी आहे, यावरून ज्याला चार गाड्यांचा अनुभव आहे असा कोणताही माणूस हेच अनुमान काढील. हे अनुमान मला आधी सुचायला हवे होते की पुतण्याला, हा प्रश्न निराळा. ते सुचले नाही, कारण आम्ही दोघेही मेणाचाच विचार करत होतो.

चुलत भाऊ तोवर मागे गेले होते. त्यांना हौदा बघायचा होता. अनुभवी माणूस पिकअपचा हौदाच बघतो. तिथल्या पोचांवरून गाडीने काय आणि किती वाहिले ते कळते. त्यांनी चाकावर पाय ठेवला आणि वर चढू लागले. हौद्यात पुतण्याने नवी कोरी रबरी चटई अंथरली होती.

"काका," पुतण्या म्हणाला, "चप्पल तेवढी खाली काढा."

चुलत भाऊ एक पाय चाकावर आणि एक पाय जमिनीवर अशा स्थितीत थांबले. त्यांनी आपल्या चपलांकडे पाहिले, मग चटईकडे.

"व्हय का. देऊळ हाय म्हण की."

ते चढले नाहीत. चप्पल पायात तशीच ठेवून ते सरळ ओसरीवर आले आणि बसले. पुढे चहा झाला, पोहे झाले, उसाच्या टनेजविषयी आणि कालव्याच्या पाळीविषयी व्यवस्थित बोलणे झाले. वहिनींनी पोह्यांवर खोबरे जास्तच घातले होते. निघताना मुलीचे वडील म्हणाले, "कळवतो." सोयरिकीच्या भाषेत या क्रियापदाला भविष्यकाळ नसतो. ज्यांना कळवायचे असते ते 'कळवतो' म्हणत नाहीत, 'बसू एकदा' म्हणतात.

फाट्यावरच्या चहावाल्याने दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. हा माणूस मनाने चांगला आहे, हे आधी सांगतो.

"गुरुजी, काल तुमच्याकडं पाव्हणं आलं व्हतं न्हवं? हितं थांबलं व्हतं आदी. तुमच्या पोराची चौकशी केली."

"काय विचारले?"

"दारू पितो का? म्हणलं न्हाय. गाडी कुठं कुठं चालती? आता मी खोटं कशाला बोलू. म्हणलं आठवडा झाला, दारातच हाय. म्हशीच्या जागंवर. दिसभर पुसतो."

"तो एरवी रोज इंदापूरला जातो, हे सांगितलेत का?"

"त्येनी एरवीचं इचारलं न्हाय."

घरातली माणसे आपला मुलगा कसा आहे ते सांगतात, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ज्याचा काही संबंध नाही त्याला विचारायचे आणि त्याचे खरे मानायचे, ही आमच्याकडची चौकशीची रीत. तिला आम्ही फार शहाणपणाची रीत समजतो. चहावाला एक अक्षर खोटे बोलला नव्हता, आणि त्याच्या सांगण्यातून उभा राहिलेला पुतण्या मात्र पूर्ण खोटा होता. प्रश्न अपुरा असेल तर खरे उत्तरही दिशाभूल करते, हे मी शाळेत किती वर्गांना शिकवले असेल. मुलीच्या वडिलांना तो प्रश्न पुन्हा नीट विचारावासा वाटला नाही. लग्न मुलीचे असले तरी.

मध्यस्थांचा फोन संध्याकाळी आला. "पोरगा निर्व्यसनी हाय, घर चांगलं हाय, वैनीबी बोलायला बऱ्या हायत. पण त्ये म्हणत्यात, गाडी लय चमकती. असली गाडी धंद्यातली नसती म्हणं. पोरगं बसून खाणारं आसंल."

पुतण्या हे ऐकत होता. त्याने हात कोरडे असतानाही पँटला पुसले आणि घरात गेला. त्या रात्री तो जेवला नाही. वहिनी त्या दिवशी कोणाशी काही बोलल्या नाहीत, आणि ते पुतण्याच्या न जेवण्यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे होते.

सकाळी मी उठलो तेव्हा पुतण्या पिकअपच्या शेजारी उकिडवा बसला होता. जवळ घमेल्यात कालवलेला चिखल होता. तो चिखल हाताने घेऊन मडगार्डवर उडवत होता, मग मागे सरून पाहत होता आणि जिथे कमी वाटेल तिथे पुन्हा उडवत होता. जी काळजी त्याने मेणाला दाखवली तीच आता चिखलाला दाखवत होता. एवढ्या चिकाटीचा मुलगा इतक्या क्षुद्र गोष्टींवर ती खर्च करतो याचा मला संताप आला आणि मी तो बोलून दाखवला.

"चिखल सारखा पसरलेला आहे," मी म्हणालो. "रस्त्यावरचा चिखल असा नसतो. चाकाच्या मागे दाट आणि वर जाताना विरळ असतो. फसवायचेच असेल तर ते तरी अभ्यासून कर."

 वहिनी दारात आल्या होत्या.

"लावायचाच तर वाटंवर लाव," त्या म्हणाल्या. "कुणाचा तरी माल भर आन् जा. अण्णाला फोन कर."

"त्ये आता घेत्याल का माझा फोन?"

"शिव्या देतील. ऐकून घे. आन् शिव्या दिल्या म्हंजी माल देतील."

तसेच झाले. अण्णांनी वातीचा विषय पुन्हा एकदा काढला, त्याहून वाईटही काही बोलले, आणि मग माल भरायला ये म्हणाले. डाळिंबाचा हंगाम भरात होता. पुतण्या पहाटे निघायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. कधी येतच नसे, बाजारात हौद्यातच झोपायचा. मेण कधी उतरले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. रबरी चटई क्रेट ओढून ओढून फाटली आणि त्याने ती काढून टाकली.

हंगामाच्या शेवटी एका दुपारी अंगणात एक जीप येऊन थांबली. मुलीचे वडील उतरले. त्यांच्याबरोबर एक मुलगी होती. फोनवर बोलणे नव्हते, निरोप नव्हता. लासुर्ण्याला एका लग्नाला आलो होतो, जाता जाता डोकावलो, असे ते म्हणाले. निरोप न देता येणे ही चौकशीचीच पुढची पायरी आहे, हे मला माहीत होते आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत होते. आम्ही दोघांनीही लासुर्ण्याचे लग्न कसे झाले, जेवण कसे होते, यावर गंभीरपणे चर्चा केली.

त्यांनी अंगणात नजर फिरवली. अंगण मोकळे होते. जमिनीवर तेलाचे दोन-चार डाग होते. "पोरगं कुठाय?" त्यांनी विचारले.

"इंदापूरला गेलाय माल घेऊन," वहिनी म्हणाल्या. "उठतो न् जातो."

वडिलांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान होते, जणू त्या मोकळ्या जागेत त्यांना जावई बसलेला दिसत होता. भरल्या दारात त्यांना रिकामटेकडा माणूस दिसला आणि रिकाम्या दारात कर्तबगार. दोन्ही वेळा माणूस तोच होता, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याच्याशी धड दोन वाक्ये बोलण्याची तसदी घेतली नव्हती. असे मी बोललो नाही. वहिनी आत चहा ठेवायला इतक्या घाईने गेल्या होत्या की मला ते बोलणे परवडणारे नव्हते.

"आमची पोरगीच म्हणत होती," वडील मला म्हणाले, "की मी जाऊन बघते. तुमी गाडी बघून आला, म्हणली, घर कुठं बघितलं."

मुलगी वहिनींच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथून त्यांचे बोलणे मला ऐकू येत होते.

"काकू, ते घरी कधी असतात मग?"

 या प्रश्नाला सोयरिकीच्या दृष्टीने योग्य उत्तर कोणते, हे वहिनींना ठरवता येईना. वडिलांना घरी नसणारा मुलगा हवा होता, आणि मुलगी तर निराळेच विचारत होती.

"रोजचं सांगता येत न्हाय, बाई," वहिनी शेवटी म्हणाल्या. "कवा जेवायला येतो, कवा ताट झाकून ठिवावं लागतंय. पण उशीर हुणार आसंल तर फोन करतो. इसरत न्हाय."

"आमच्या पप्पांना त्येवढंबी जमत नाही," मुलगी म्हणाली. मग कपबशांचा आवाज आला.

चहा घेऊन झाल्यावर वडील उठले आणि या वेळी म्हणाले, "बसू एकदा. सगळीजणं."

जीप वळून रस्त्याला लागली तरी वहिनी तिथेच उभ्या होत्या. मी पुतण्याला फोन लावला. तो बऱ्याच वेळाने उचलला गेला. मागे लिलावाचा गोंगाट होता.

"कोऱ्हाळ्याची माणसे येऊन गेली," मी म्हणालो. "बसू म्हणाले."

 मग तो घाबरून म्हणाला, "तात्या, गाडी तर माझ्यापाशी हाय. लय घाण झालीया. कशी दिसली आसंल त्यास्नी?"

"दिसलीच नाही. मुलगीही आली होती. ती तुझ्याविषयी विचारत होती."

"काय इचारत व्हती?"

"घरी कधी असतोस म्हणून."

"मग काय सांगितलं तुमी?"

"तुझ्या आईने सांगितले. खरे तेच."

 कोणीतरी त्याला गाडी पुढे घ्यायला ओरडत होते. "आलो आलो," तो त्याला म्हणाला, आणि मग मला, हळू आवाजात, "आईला म्हणावं आज जेवायला येतोय."

वहिनींना मी हा निरोप दिला. "येईल तवा खरं," त्या म्हणाल्या, आणि पीठ मळायला आत गेल्या.